थंडीतला फुलोरा: तापीच्या खोऱ्यात काय फुलतं आणि कशामुळे

खान्देशात फुलांचा दुष्काळ पडतो तो एप्रिल-मेमध्ये. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की कुंडीतला गुलाब करपतो आणि शेवंतीची काशी सावलीत कशीबशी जगवावी लागते. दिवाळी ते महाशिवरात्र या काळात मात्र शेत, अंगण, बांध आणि सातपुड्याचा उतार एकामागून एक फुलत राहतात. थंड देशांतली बागकामाची पुस्तकं हिवाळी फुलांबद्दल बोलतात तेव्हा त्यांच्यासमोर बर्फातून वर येणारा स्नोड्रॉप असतो, नाहीतर काचघरात जपलेलं रोप. आपल्याकडे ती मांडणी लागू पडत नाही. तरीही रोपवाटिकांतली विक्री आणि बागकामाचे सल्ले बऱ्याचदा दुसऱ्याच हवेच्या हिशोबाने चालतात. तापीच्या खोऱ्यात थंडीत काय फुलतं, कशामुळे फुलतं आणि आच्छादन खरोखर कशाला लागतं, हे म्हणून एकदा नीट मांडायला हवं.

आधी हवा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, असं हे खोरं. आकाश निरभ्र असलं आणि उत्तरेचा वारा सुरू झाला की जमीन रात्रीतून झपाट्याने उष्णता सोडते. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या किमान तापमानाची नोंद दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत निफाडच्या शेजारी छापली जाते. पाच-सहा अंशांपर्यंत पारा उतरल्याच्या बातम्या धुळेकरांना नव्या नाहीत. पण त्याच दिवशी दुपारी तापमान २७-२८ अंशांवर असतं. झाडाच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे. दिवसा भरपूर ऊन, म्हणजे अन्न तयार करायला पूर्ण वाव. रात्री गारवा, म्हणजे श्वसनात त्या अन्नाची उधळण कमी. फुलांचा रंग गडद होतो आणि फूल झाडावर जास्त दिवस टिकतं. युरोपातल्या माळ्याला काचघरात दिवा आणि शेगडी लावून जे मिळवावं लागतं त्यातलं बरंचसं इथे उघड्यावर मिळतं.

थंडीत फुलणारी सगळी झाडं थंडीमुळेच फुलतात असं नाही. काही झाडं रात्रीची लांबी मोजतात, काहींना खरोखर गारवा लागतो आणि काहींना पाण्याचा ताण पुरतो. हा फरक समजला की अंगणातल्या अर्ध्या तक्रारींची उत्तरं मिळतात.

रात्र मोजणाऱ्यांत पहिली शेवंती. जळगाव आणि धुळे दोन्ही २१ अक्षांशाच्या आसपास आहेत. इथला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सुमारे साडेतेरा तासांचा. फरक अडीच तासांचाच, पण शेवंतीला तो कळतो. उन्हाळ्याच्या शेवटी काश्या लावल्या की पावसाळाभर ती नुसती पानं वाढवते. दसऱ्याच्या सुमारास रात्र लांबली की कळी धरते. राजा, झिपरी, सोनाली तारा, रेवडी या महाराष्ट्रातल्या जुन्या जातींचा बहर म्हणूनच मार्गशीर्षातल्या गुरुवारांना बरोबर गाठतो. झाडं दिवस-रात्रीचा हिशोब ठेवतात हे अमेरिकेच्या शेती खात्यातल्या गार्नर आणि ॲलार्ड या दोघांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून सिद्ध केलं. त्यावरच पुढे अख्खा व्यवसाय उभा राहिला. रात्री दिवे लावून फूल लांबवायचं, काळं कापड घालून रात्र मोठी करायची आणि फूल अलीकडे आणायचं, असं करून हॉलंडात शेवंती बारा महिने काढतात. आपल्या गल्लीतही हा प्रयोग नकळत होत असतो. रस्त्यावरच्या दिव्याच्या थेट उजेडात ठेवलेली शेवंतीची कुंडी शेजारच्या अंधारातल्या कुंडीच्या मागे राहते. पॉइन्सेटियाचंही तेच. त्याची लाल पानं डिसेंबरात रंगायची तर त्याला अंधारी, अखंड रात्र लागते. खत वाढवून इथे काही होत नाही. कुंडी दिव्यापासून हलवावी, एवढंच करायचं असतं.

गारवा मागणाऱ्यांत आंबा. रात्री सलग काही आठवडे थंड राहिल्या की जून झालेल्या काडीच्या शेंड्यातून पालवीऐवजी मोहोर निघतो. थंडी उशिरा आली की मोहोरही उशिरा येतो, आणि मध्येच ढग दाटले की तुडतुडे आणि भुरी त्याचा फडशा पाडतात. ट्यूलिपसारख्या कंदांची मागणी याहून फार मोठी असते. त्यांना कित्येक आठवडे अखंड कडक थंडी हवी. इथली दुपारची ऊब ती मागणी पुरी होऊ देत नाही. आकर्षक पाकिटातले असे कंद विकत घेणाऱ्याला एखाद-दोन फुलं मिळाली तरी पुढच्या वर्षी त्यातून काही निघेल ही आशा ठेवू नये.

तिसरा मार्ग ताणाचा, आणि तो आपल्या शेतकऱ्यांनी कमालीचा पारखून वापरला आहे. मोसंबी, लिंबू, डाळिंब यांच्या मृग, हस्त आणि आंबे बहारांपैकी आंबे बहार हा हिवाळ्याच्या उत्तरार्धातला. पाऊस थांबल्यावर बागेचं पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळू लागेपर्यंत झाडाला थांबवायचं, मग मशागत करून, खत घालून पाणी सोडायचं. जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं. जमीन हलकी की भारी यावर ताण किती दिवसांचा हे ठरतं. काळ्या, खोल जमिनीत ओल हटत नाही म्हणून ताणही लांबतो. बोगनवेलही याच न्यायाने चालते. थंडीत तिला रोज पाणी घालणाऱ्याच्या दारात पानं दिसतात, विसरणाऱ्याच्या दारात फुलं.

अंगणासाठी मी आग्रह धरीन तो कुंद, कोरांटी आणि संक्रांतवेल यांचा. मोगरा थंडीत झोपतो, निशिगंध मंदावतो, तेव्हा कुंदाचा पांढरा बहर सुरू होतो आणि माघातल्या गणेश जयंतीपर्यंत पुरतो. कोरांटी काटेरी म्हणून कुंपणावर ढकलली गेली. तिला खत लागत नाही, पाणी फारसं लागत नाही आणि नोव्हेंबरपासून तिची पिवळी फुलं थांबत नाहीत. संक्रांतवेल मूळची ब्राझीलची, पण जानेवारीत नारिंगी फुलांनी झाकून जाते आणि पश्चिमेच्या भिंतीवर चढवली तर उन्हाळ्यात त्याच भिंतीला सावली देते. उंच झाडांत बुचाचं झाड लावावं. दिवाळीच्या पुढे-मागे त्याच्या पांढऱ्या, लांब देठाच्या फुलांचा वास संध्याकाळी रस्ताभर असतो. ही चारही झाडं मे महिन्यातही जगतात, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण.

पिटुनिया, फ्लॉक्स, ॲस्टर, डेलिया ही हंगामी फुलंही इथे उत्तम येतात. अट एकच, बी पेरण्याची वेळ साधली पाहिजे. पुण्याच्या वेळापत्रकाप्रमाणे सप्टेंबरात पेरलेली वाफ्यातली कोवळी रोपं इथे ऑक्टोबरच्या उन्हात सापडतात. दसरा उलटल्यावर, विरळ सावलीत पेरावं, दिवाळीनंतर जागेवर लावावं. फेब्रुवारी संपता संपता ऊन तापतं आणि ही रोपं संपतात. म्हणजे हंगाम मिळतो तो जेमतेम अडीच महिन्यांचा. गुलाबाची छाटणी दसऱ्यानंतर केली तर दीड-दोन महिन्यांनी, ऐन थंडीत, सर्वांत मोठी फुलं मिळतात.

झेंडूबद्दल वेगळं सांगायला नको. दसरा-दिवाळीचा झेंडू पावसाळी लागवडीचा, पण ऑक्टोबरात लावलेला झेंडू लग्नसराईपर्यंत चालतो आणि भाव बरा देतो. त्याच्या मुळांतली द्रव्यं सूत्रकृमींना आवर घालतात, म्हणून भाजीपाल्याच्या फेरपालटात तो घेण्यात शहाणपण आहे.

खान्देशातला खरा हिवाळी फुलोरा मात्र शेतात आहे, आणि आपण त्याला फुलोरा म्हणून क्वचितच बघतो. देशी हरभऱ्याची फुलं जांभळट गुलाबी, काबुली हरभऱ्याची, ज्याला बाजारात डॉलर म्हणतात, त्याची पांढरी. दोन शेतं शेजारी असली की बांधावरूनच फरक कळतो. पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने फूल लागतं. या वेळी रात्री फार थंड झाल्या किंवा धुकं बसलं की फुलं गळतात, घाटा धरत नाही. म्हणूनच पाणी फुलोऱ्याच्या आधी एकदा आणि घाटे भरताना एकदा द्यायचं, ऐन फुलात नाही. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत दादर ज्वारी नुसत्या साठलेल्या ओलीवर उभी असते आणि थंडीतच निसवते. कणसावर परागाची धूळ दिसते त्या दिवसांत कडाका पडला तर पराग वांझ राहतात आणि कणीस फोल निघतं. हुरडा भरपूर मिळाला तर समजावं की त्या आठवड्यातल्या रात्री सौम्य गेल्या होत्या. तुरीचा पिवळा बहर याच्या थोडा आधीचा, करडईचा थोडा नंतरचा. भरताच्या वांग्याची जांभळी फुलं सगळा हिवाळा येत राहतात. बहिणाबाई चौधरींचं माहेर असलेलं आसोदा आणि यावलकडचं बामणोद ही गावं या वांग्यासाठी प्रसिद्ध आहेत आणि जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

कांद्याच्या बाबतीत तेच फूल एका वावरात धन असतं आणि शेजारच्या वावरात नुकसान. खाण्यासाठी लावलेल्या कांद्याला थंडीत दांडा फुटला, म्हणजे डेंगळे आले, की कांदा आतून पोकळ होतो आणि साठवणीत टिकत नाही. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला मात्र तोच दांडा हवा असतो. कांदे निवडून ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायचे, थंडीने दांडे काढायचे, आणि हिवाळा सरताना पांढऱ्या गोंड्यांवर मधमाश्या येतील अशी काळजी घ्यायची. या काळात कीटकनाशकाची फवारणी करणं म्हणजे स्वतःचं बियाणं मारणं. शेजारच्याने केली तरी परिणाम तोच, आणि हा विषय गावपातळीवर बोलून सोडवण्याचा आहे.

कपाशीचं हिवाळी फूल हे मात्र नकोसं फूल. हंगाम संपल्यावर पाणी देऊन पीक पुढे ओढायचं, फरदड घ्यायची, हा मोह खान्देशात जुना आहे. गुलाबी बोंडअळी याच उशिराच्या फुलांत आणि बोंडांत वस्ती करते. अळीने आतून शिवलेली, न उमलणारी, गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी फुलं म्हणजे डोमकळ्या. डिसेंबर-जानेवारीत वावरात डोमकळ्या ठेवणारा शेतकरी पुढच्या जूनमधल्या अळीची सोय करून ठेवत असतो, स्वतःच्या आणि शिवारातल्या सगळ्यांच्या वावरात. दोन-चार क्विंटल कापसासाठी हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पीक वेळेत उपटून हरभरा पेरावा. शिवारात फुलं हवीत तर ती त्याची असावीत.

आता केळी, आणि इथे काचघराचाही संबंध येतो. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या चॅट्सवर्थ इथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने एक बुटकी केळ काचघरात वाढवली. नोव्हेंबर १८३५ मध्ये, तिकडच्या ऐन गारठ्यात, ती फुलली. पुढच्या वर्षी तिच्या फळांचं लंडनमध्ये कौतुक झालं आणि ड्यूकच्या कॅव्हेंडिश या घराण्याचं नाव तिला मिळालं. हाच पॅक्स्टन पुढे १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारणारा. मिशनरी जॉन विल्यम्स यांच्याबरोबर या केळीची रोपं सामोआपर्यंत गेली. रावेर, यावल, चोपड्याच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं जोपासलेली बसराई ही याच कॅव्हेंडिश गटातली, आणि आज सर्वदूर पसरलेली ग्रँड नैनही त्याच गटातली. तिकडे एका झाडाच्या फुलासाठी कोळसा जाळून काचघर तापवलं गेलं. इथे त्याच गटातली केळ मैलोन्‌मैल उघड्यावर निसवते.

पण केळीला थंडी मानवत नाही. तापमान दहा अंशांखाली राहिलं की वाढ जवळजवळ थांबते. नवी पानं यायला उशीर होतो, आलेली पिवळी पडतात, आणि निसवायला आलेला घड पोग्यात अडकतो. बाहेर आला तरी वाकडा, आखूड दांड्याचा. जून-जुलैतल्या लागवडीला मृगबाग म्हणतात, ऑक्टोबरातलीला कांदेबाग. कांदेबागेत थंडी कोवळ्या रोपाला गाठते आणि रोप नुसतं थांबून राहतं. मृगबागेचा प्रश्न अलीकडे जास्त बिकट झाला आहे, त्याचं कारण लक्षात घेण्यासारखं आहे. पिलांपासून केलेल्या जुन्या लागवडीत निसवण उशिरा आणि मागेपुढे व्हायची, त्यामुळे बराचसा बाग थंडी सरल्यावर निसवायचा. ऊतिसंवर्धित रोपं सात-आठ महिन्यांत आणि जवळजवळ एकाच वेळी निसवतात. जूनच्या लागवडीची ही वेळ थेट जानेवारी-फेब्रुवारीत येते. एकसारखी काढणी हा ऊतिसंवर्धनाचा मोठा फायदा, पण कडाक्याचा आठवडा आला तर तो सगळ्या बागेला एकदम सापडतो. मृगाची लागवड टप्प्याटप्प्याने करावी असं मला वाटतं ते यासाठी.

ऊतिसंवर्धन हे आपलं काचेखालचं शेत. भवरलाल जैन यांच्या उद्योगाने जळगावात उभारलेल्या प्रयोगशाळांत बरणीतल्या पोषक माध्यमावर इवलासा कोंब वाढवून त्यापासून हजारो रोपं करतात, मग आच्छादित घरांत टप्प्याटप्प्याने उघड्या हवेची सवय लावतात. तिथे फूल दिसत नाही, पण शिवारातल्या फुलाची वेळ तिथेच ठरते. ठिबक सिंचनाइतकाच या तंत्राने इथल्या केळीचा चेहरा बदलला. जळगावच्या केळीलाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

शेतातले बचावाचे उपाय साधे आणि पारखलेले आहेत. बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताचं दाट कुंपण, कडाक्याच्या रात्री विहिरीचं पाणी, कारण ते हवेपेक्षा उबदार असतं, पहाटे बांधावर ओलसर पालापाचोळ्याचा धूर, आणि निसवलेल्या घडाला पिशवी. यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे कुंपण. थंड वारा अडला की निम्मं काम होतं, आणि तेच कुंपण मे महिन्यात गरम वाराही अडवतं.

आच्छादनाचा मोठा प्रश्न पॉलिहाऊसचा. काचेऐवजी प्लास्टिक, हेतू तोच. जरबेरा, डच गुलाब यांची मागणी नाताळ ते फेब्रुवारी या काळात चढती असते आणि त्या महिन्यांत खान्देशातलं पॉलिहाऊस सुरेख चालतं. रात्री पडदे बंद, दिवसा उघडे, एवढ्यावर भागतं. पण भांडवल बारा महिन्यांचं गुंतलेलं असतं. मार्चनंतर तेच घर तापतं. कोरड्या हवेत पंखे आणि ओले पॅड गारवा चांगला देतात हे खरं, मात्र त्यासाठी वीज आणि पाणी लागतं, तेही टंचाईच्या दिवसांत. तळेगाव-मावळच्या सौम्य हवेत बसलेला हिशोब धुळ्यात बसत नाही. खान्देशात फुलशेतीला संरक्षण द्यायचंच तर शेडनेटचं द्यावं. त्याचा खर्च कमी, आणि इथे ज्यापासून खरं रक्षण हवं ते ऊन त्याने अडतं.

डिसेंबर-जानेवारीत लावलेल्या टरबूज-खरबुजावर पांढरं क्रॉप कव्हर घालतात, ते आच्छादनाचं सर्वांत शहाणं उदाहरण. आतली हवा उबदार राहते, कोवळ्या वेलावर रसशोषक किडी येत नाहीत, म्हणून विषाणूही येत नाही. आणि मादी फुलं दिसू लागली की हे कव्हर काढावंच लागतं. मधमाशी आत आली नाही तर फळ धरणार नाही, धरलं तर वेडंवाकडं. थंड सकाळी माश्या उशिरा बाहेर पडतात आणि फूल दुपारपर्यंत मिटू लागतं, म्हणजे कामाला मिळतात ते मोजके तास. त्या तासांत फवारणीचा पंप खांद्यावर घेऊन वावरात शिरू नये.

थंडी उतरणीला लागली की लक्ष सातपुड्याकडे जातं. यावल अभयारण्याच्या उतारांवर, तिकडे चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या जंगलात, पानगळीनंतर झाडं उघडी पडतात आणि मग फुलतात. आधी धायटीचे लाल झुबके, मग काटेसावर, गणेराची मोठी पिवळी फुलं, सालईचा नाजूक बहर, पळस, शेवटी मोह. जमिनीत पाणी नसताना हा खर्च झाडं का करतात? पानांचा आडोसा नसला की फूल दुरून दिसतं, मैना आणि सूर्यपक्षी येतात. फळं उन्हाळ्यात पिकतात आणि बी पहिल्या पावसाच्या तोंडावर जमिनीवर पडतं. पाणी खोडात आणि मुळांत आधीच साठवलेलं असतं. मोहाचं फूल तर पावरा आणि तडवी कुटुंबांच्या घरात धान्यासारखं साठवलं जातं. ते वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि तो वणवा कधीकधी डोंगरावर जातो. दंड करून हे थांबत नाही. झाडाखाली जाळी किंवा जुनी साडी अंथरली की फूलही स्वच्छ मिळतं आणि आग लावण्याची गरजच उरत नाही.

धुळ्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. डी. ए. पाटील यांनी धुळे-नंदुरबार जिल्ह्यांची वनस्पतिसूची ग्रंथरूपाने केली, आणि अशा सूचींत प्रत्येक झाडापुढे फुलण्याचे महिने असतात. दुसऱ्या बाजूला कृषी महाविद्यालयाच्या आवारात रोजचं तापमान मोजलं जातं. या दोन्ही नोंदी एकमेकींना जोडण्याचं काम जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांनी हाती घ्यावं. दरवर्षी तेच आंब्याचं झाड, तीच काटेसावर, तोच कुंद, तोच केळीचा बाग निवडायचा आणि पहिलं फूल कोणत्या तारखेला आलं, त्याआधीच्या तीन आठवड्यांत रात्री किती थंड होत्या, हे वहीत लिहायचं. दहा हिवाळ्यांनंतर मृगबाग केव्हा लावावी, शेवंतीची काशी केव्हा खुडावी आणि क्रॉप कव्हर कोणत्या आठवड्यात काढावं, हे सांगायला खान्देशाकडे स्वतःचं कोष्टक असेल.